आखाजीला सगळ्या घराने एकत्र पाहावा असा, अंधत्वावरचा प्रेमपट कोणता?

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माझ्या दोन्ही नणंदा लेकरांसह माहेरी येतात आणि ऊन उतरल्यावर गच्चीवर पाणी मारून, समोरच्या भिंतीवर प्रोजेक्टरने एक चित्रपट पाहण्याची आमच्याकडे पद्धत पडली आहे. या वर्षी थोरल्या भाचीने ‘अ‍ॅट फर्स्ट साइट’ हा १९९९ चा अमेरिकी चित्रपट सुचवला आहे. लहानपणीच दृष्टी गेलेला, मालिश करून पोट भरणारा तरुण आणि न्यूयॉर्कमधली वास्तुविशारद तरुणी यांचे प्रेम जुळते, पुढे त्याच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया होते, एवढी कथा तिने मला सांगितली.

पाहणाऱ्यांत सर्वांत लहान मुलगा आठ वर्षांचा आहे, सासूबाई आहेत आणि माझे थोरले दीर आप्पा आहेत. आप्पांना रेटिनायटिस पिगमेंटोसा हा आजार आहे. आधी रात्रीचे दिसेनासे झाले, मग बाजूचे, आणि आता त्यांना फक्त उजेड-अंधार कळतो. सासूबाईंच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन गेल्या वर्षी झाले आणि त्यांना पुन्हा सुईत दोरा ओवता येऊ लागला, तेव्हापासून मुले आप्पांना विचारतात की तुम्ही ऑपरेशन का करत नाही. मोठ्यांसमोर मान खाली घालावी लागेल अशी दृश्ये या चित्रपटात आहेत का, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न मला अधिक छळतो: ऑपरेशनने दृष्टी येते असे दाखवणारी कथा आप्पांशेजारी बसून पाहणे योग्य होईल का?

धुळेकर प्रेक्षक

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. अमेरिकेत या चित्रपटाला ‘पीजी-१३’ हे मानांकन मिळाले आणि त्यामागची कारणे म्हणून शृंगारिक दृश्ये, नग्नता व थोडी असभ्य भाषा यांची नोंद केली गेली. त्या मानांकनाचा अर्थ एवढाच की तेरा वर्षांखालील मुलांबाबत पालकांनी विशेष सावध राहावे. नायक-नायिका लग्नाशिवाय एकत्र राहतात, हेही कथेतच आहे. हिंसा जवळपास नाही. तरीही आठ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई शेजारी बसलेल्या असताना मी हा चित्रपट लावणार नाही.

आपल्याकडे २०२४ पासून ‘यूए’ प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे झाले आहेत, आणि ओटीटीवर २०२१ च्या नियमांमुळे सुरुवातीलाच वयोगट व आशयाची सूचना दाखवावी लागते. ती पाटी वाचल्याशिवाय कोणताही चित्रपट लावू नये.

शहाद्याचा निवृत्त शिक्षक

प्रमाणपत्रात मुख्य भर अंगप्रदर्शन, हिंसा, शिवीगाळ अशा गोष्टींवर असतो, हे लक्षात ठेवावे. पडद्यावर एकही आक्षेपार्ह दृश्य नसताना अंध माणसाला सबंध चित्रपटभर बिचारा ठरवता येते, आणि घरातल्या लेकरांवर त्याचा होणारा परिणाम मला चुंबनाच्या दृश्यापेक्षा अधिक चिंतेचा वाटतो.

म्हणून मी सई परांजपे यांच्या ‘स्पर्श’चे नाव सुचवतो. १९८० च्या या हिंदी चित्रपटातील अनिरुद्ध हा अंध मुलांच्या शाळेचा मुख्याध्यापक आहे. डॉक्टरकडे जाताना गाणे ऐकून तो चुकून कविता या तरुण विधवेच्या दारी पोहोचतो, आणि तिथून ही प्रेमकथा सुरू होते. ती त्याच्या शाळेत मुलांना गाणी व गोष्टी शिकवू लागते, दोघांचा साखरपुडाही होतो. पण ती आपल्याशी दयेपोटी किंवा त्यागाच्या भावनेने लग्न करते आहे, या शंकेने तो स्वतःच माघार घेतो. मदत कुठे संपते आणि दया कुठे सुरू होते, हा या दोघांमधला खरा झगडा आहे, आणि तो नसीरुद्दीन शाह व शबाना आझमी यांनी आवाज न चढवता उभा केला आहे. त्यातले एखादे दृश्यही सासूबाईंना खटकेल असे मला वाटत नाही. गती संथ आहे, त्यामुळे धाकटा मध्येच झोपून गेला तर नवल वाटू देऊ नका.

आवाजवाचक (भुसावळ)

मी स्वतः दृष्टिहीन आहे आणि ही चर्चा स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) ऐकत आहे. गुरुजींचे म्हणणे मला पटते, मात्र ‘अ‍ॅट फर्स्ट साइट’ कायमचा बाद करण्यास माझी हरकत आहे. तो ऑलिव्हर सॅक्स या न्यूरॉलॉजिस्टने लिहिलेल्या खऱ्या रुग्णकथेवर बेतलेला आहे आणि त्यात एक दुर्मीळ प्रामाणिकपणा आहे. पट्टी सुटल्यावर नायकाला जग एकदम ओळखू येत नाही. समोरचा आकार म्हणजे कोणती वस्तू, ती किती दूर आहे, हे त्याला शिकावे लागते, आणि शेवटी त्याची दृष्टी पुन्हा जाते. जन्मांध माणसाला दृष्टी आली, तर हाताने ओळखीचा असलेला गोल त्याला नुसत्या नजरेने ओळखता येईल का, हा प्रश्न मॉलिन्यू या आयरिश विद्वानाने इंग्रज तत्त्वज्ञ लॉकला १६८८ मध्ये विचारला होता. ताई, तुमच्या गावच्या तत्त्वज्ञान मंदिरात शोभावा असाच तो प्रश्न आहे. भारतात ‘प्रोजेक्ट प्रकाश’ या अंध मुलांवर उपचार आणि संशोधन करणाऱ्या उपक्रमात उशिरा दृष्टी मिळालेल्या पाच मुलांची चाचणी झाली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांना लगेच ते जमले नाही, पण काही दिवसांत जमू लागले. भाचीसारख्या मोठ्या मुलांनी हा चित्रपट नंतर वेगळा जरूर पाहावा.

लहान मुलांच्या प्रश्नाचे उत्तर आखाजीच्या आधीच देऊन टाका. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते आणि ते बदलता येते. आप्पांच्या आजारात मागचा पडदाच झिजतो, तो बदलता येत नाही. मुलांना हे सहज समजते. मला तर हेही सुचवावेसे वाटते की ते आप्पांनीच सांगावे.

आता ज्या गोष्टीचा अजून कोणीही उल्लेख केला नाही, ती सांगतो. इंग्रजी चित्रपट मराठी घरात उपशीर्षकांसह पाहिला जातो, आणि उपशीर्षके आप्पांना वाचता येत नाहीत. मग चौदा माणसे चित्रपट पाहतील आणि ज्याच्या आयुष्याविषयी तो आहे, तो माणूस नुसता बसून राहील. ‘स्पर्श’ संवादांवर आणि आवाजांवर चालतो, त्यामुळे मला तो बराचसा ऐकूनच कळला. जिथे पात्रे गप्प असतात, तिथे एखाद्या मुलाने आप्पांच्या कानाशी दोन वाक्यांत सांगावे, संवाद सुरू होताच थांबावे. ध्वनिवर्णन म्हणतात ते हेच, आणि ते घरीही करता येते. आणखी एक विनंती: प्रेमपटांत अंध पात्र बोटांनी समोरच्याचा चेहरा चाचपते, तसे आम्ही सहसा करत नाही, आम्हाला माणूस आवाजावरून आणि पावलांवरून कळतो. मुलांना एवढे सांगा.

बोरीकाठ (अमळनेर)

सर्वांचे मनापासून आभार. आप्पांना विचारायचे मला सुचलेच नव्हते, याचे वाईट वाटले. काल जेवताना विचारले. त्यांना ‘स्पर्श’ हवा आहे. त्यांनी तो दृष्टी शाबूत असताना, कॉलेजात असताना पाहिला होता आणि कविताच्या घराचे दार त्यांना अजून आठवते. कानाशी बसण्याचे काम भाचीने घेतले आहे, आणि आप्पांनी तिला आत्ताच बजावले आहे की गाणे सुरू असताना बोलायचे नाही.