थांबू नका, आणि तपासणीला जाताना व्हिडिओ न्या

मूल अजून बोलत नाही, ऑटिझम (स्वमग्नता) तर नसेल ना, या प्रश्नावर ‘बाप पण उशिरा बोलायला लागला होता, पाच वर्षांपर्यंत वाट बघा’ असं वर कोणीतरी लिहिलंय ते मला अजिबात पटत नाही, कारण आमच्या घरी पण सगळे हेच म्हणत होते आणि त्यात माझ्या भाच्याचं दीड वर्ष गेलं. गड्ड्याच्या जत्रेत नेलं की दोन्ही कान दाबून रडायचा, नावाने हाक मारली तर वळायचा नाही, आम्हाला वाटायचं हट्टी आहे. ऐकू नीट येतंय का ते आधी तपासून घ्या, आमच्या डॉक्टरांनी पण पहिल्यांदा तेच करायला लावलं.

अजून कोणी लिहिलं नाही म्हणून सांगतो, रक्त किंवा स्कॅन करून ऑटिझम कळत नाही, मुलाचं वागणं बघून आणि आईबापाला विचारूनच ठरतं. आपल्याकडे इसा (ISAA) नावाची ऑटिझम तपासायची भारतीय प्रश्नावली वापरतात, 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, 70 च्या खाली आले तर ऑटिझम नाही धरत. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी पण हीच लागते, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम धरलाय. पण अनोळखी खोलीत पोरगं वेगळंच वागतं हो, भाचा तिथे तासभर शांत बसून राहिला आणि पहिल्या ठिकाणी ‘काही नाही, घरी जा’ म्हणून परत पाठवलं. दुसरीकडे जाताना ताईने जेवताना, खेळताना, पाहुणे आल्यावरचे मोबाईलवरचे छोटे व्हिडिओ नेले, बालवाडीच्या बाईंकडून एक पानभर लिहून घेतलं, ते बघून तिथल्या डॉक्टर मॅडमनी कितीतरी नेमके प्रश्न विचारले.