रविवारची गुरुद्वारा सेवा: ज्येष्ठांच्या बसण्याचं काय?

सचिव:
नमस्कार मंडळी, बस सकाळी नऊला कॅनडातल्या आपल्या सरीहून सुटेल. आधी ॲबट्सफर्डचा १९११ चा जुना गुरुद्वारा, मग समोरच्या नव्या गुरुद्वाऱ्यात लंगरसेवा, म्हणजे सर्वांसाठीच्या सामुदायिक जेवणाच्या कामात मदत. आपल्या काही ज्येष्ठांना मांडी घालता येत नाही. त्यांच्यासाठी वेगळं टेबल मागायचं का? गेल्या खेपेसारखा ऐनवेळी गोंधळ नको.

खजिनदार:
अजिबात मागू नका. याच टेबल-खुर्च्यांवरून जानेवारी १९९७ मध्ये सरीच्या गुरुद्वाऱ्यात मारामारी झाली होती. पुढे १९९८ मध्ये अकाल तख्ताचा, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाचा, हुकूमनामा (आदेश) आला, लंगर जमिनीवर बसूनच. सगळे एका पंगतीत, हाच तर त्याचा पाया. तिथे पाहुण्यांनी स्वतःची वेगळी मांडणी मागावी, हे मला पटत नाही.

बर्नबीच्या काकू:
भाऊ, हुकूमनामा मान्य, पण गुडघे बदललेल्या माणसाने काय करायचं? नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात माझ्या आईला सेवादाराने न मागता खुर्ची आणून दिली होती. मानपान कोण मागतंय? फोन करून नीट विचारा. आणि माझ्या पुरणपोळ्या आहेतच, शंभर तरी होतील.

सरीहून एक सभासद:
काकू, पोळ्या आणण्याआधी तिथे विचारा. लंगर त्यांच्याच स्वयंपाकघरात शिजतो. आपण डाळ-कणीक द्यावी आणि रोट्या लाटायला बसावं. नोव्हेंबर २०२१ च्या पुरात रस्ते तुटले, तेव्हा सरीच्या दुखनिवारण साहिब गुरुद्वाऱ्यात रात्रभर स्वयंपाक करून होप गावात अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने जेवण पोचवलं होतं. एवढं काम उरकणाऱ्यांना आपण मदत करायची, त्यांचं काम वाढवायचं नाही.

सांस्कृतिक समिती:
शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात संत नामदेवांची ६१ पदं आहेत. त्यातलं एक आपण म्हणूया का?

भजनी मंडळ:
भजनाचं आमच्याशी बोलल्याशिवाय ठरवू नका. दरबारात, म्हणजे गुरुद्वाऱ्याच्या मुख्य सभागृहात, रागी (तिथले गायक) कीर्तन करतात, आपण ऐकायला बसावं. नामदेवांचं पद घ्याल का, एवढी विनंती त्यांना आधी कळवता येईल.

बर्नबीच्या काकू:
बरं, पोळ्या बसमध्ये वाटेन. पण खुर्चीचं कोणीच बोलत नाही.

सचिव:
काकू, आत्ताच फोन झाला. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांची सोय भिंतीलगतच्या बाकावर होते, जेवण तेच, वाढपीही तेच. वेगळं टेबल मागितलेलं नाही. डोक्याला रुमाल, पायांत मोजे. तंबाखू, सिगारेट घरीच ठेवा. जुना गुरुद्वारा ज्या लाकडाचा आहे, ते गिरणीतल्या शीख कामगारांनी पाठीवरून वाहून आणलं होतं, मुलांना ते आधी दाखवू. डाळ-कणकेचे पैसे उद्यापर्यंत खजिनदारांकडे द्या.