बायकोसाठी पहिली हँडगन, कोणती घ्यावी? (टेक्सस)

फ्रिस्को_नाका

नमस्कार मंडळी, विषय जरा वेगळा आहे तेव्हा लगेच धाग्याची धुळवड करू नका प्लीज. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो, कॉलनी नवीन आहे, मागच्या बाजूला अजून मोकळं रानच आहे. माझं काम फिरतीचं, आठवड्यातले तीन-चार दिवस मी बाहेर आणि घरी बायको आणि सहा वर्षांची लेक. गनचा विषय बायकोनेच काढला, तिच्या ऑफिसातल्या बऱ्याच जणींकडे आहे, मला आधी हसू आलं पण ती सीरियस आहे. मला स्वतःला एनसीसीतल्या पॉइंट टूटू रायफलपलीकडे अनुभव नाही. परवा एकटाच दुकानात जाऊन आलो, काउंटरवरच्या माणसाने बायकोसाठी हवीये एवढं ऐकलं आणि लगेच पाच गोळ्यांचं इवलंसं रिव्हॉल्व्हर काढून ठेवलं, एकदम हलकं, पर्समधे मावतं, जॅम होत नाही, शिकायला काही नाही म्हणाला. मला पटलं खरं तर. तिचे हात लहान आहेत, मनगटात फार जोर नाही. पुढच्या महिन्यात वाढदिवस आहे तर सरप्राइज द्यावं असा विचार आहे. बजेट पाच-सहाशे डॉलर. मी सिटिझन, ती ग्रीन कार्डवर. दिवाळीला सासूबाई येतायत सहा महिन्यांसाठी, त्याचा काही संबंध असेल तर तेही सांगा.

डबल_टॅप

घेऊ नकोस ते रिव्हॉल्व्हर. बाई दिसली की छोटं हलकं रिव्हॉल्व्हर पुढे सरकवायचं ही इथल्या काउंटरवाल्यांची जुनी खोड आहे. गोळी तीच असताना गन जितकी हलकी तितका धक्का जास्त, साधं फिजिक्स आहे. ते बारकं ॲल्युमिनियमचं रिव्हॉल्व्हर जेमतेम चारशे ग्रॅम भरतं, त्यातून पॉइंट थर्टीएट स्पेशल गोळी उडवली की तळहात झिणझिणतो, नवीन माणूस सिलिंडर दोनदा रिकामा करतो आणि म्हणतो बास, नको मला. आणि सोपं कसलं, डबल ॲक्शनचा (म्हणजे एकाच ओढीत घोडा मागे नेऊन सोडणारा) ट्रिगर दहा-बारा पौंडांचा असतो, म्हणजे गनच्या वजनाच्या दहापट जोर एका बोटाने लावायचा आणि तोवर नेम हलू द्यायचा नाही. बॅरल दोन इंची, नेम धरायची साइट म्हणजे वर एक खाच. ही अनुभवी माणसाने खिशात ठेवायची वस्तू आहे, पहिली गन नव्हे.

घरात ठेवायची आहे ना, मग लहान कशाला हवी? ग्लॉक १९ हे पिस्तूल बघ. नाइन एमएमची गोळी, मॅगझीनमधे १५, रिकामी साधारण सहाशे ग्रॅम, ट्रिगर साडेपाच-सहा पौंडांच्या आसपास. दिसायला ठोकळा आहे पण चालते म्हणजे चालतेच, पार्ट आणि होल्स्टर कुठेही मिळतात. सिग पी३६५ पण चांगली आहे पण ती लपवून बाळगायला बनवलीये, धक्का ग्लॉकपेक्षा जाणवतो. नाइन एमएमच घे, सरावाच्या गोळ्या त्यातल्या त्यात स्वस्त पडतात.

सातारी_तर्री

इकडे आमच्या आज्ज्याच्या बारा बोअरचं लायसन रिन्यू करायला कलेक्टर हापिसात चपला झिजल्या आणि तुमच्याकडं बड्डे गिफ्ट 😄 चालू द्या.

कागदी_घोडे

गनच्या आधी कागद बघा. ग्रीन कार्डवाल्यांना चालतं, तुमची मिसेस स्वतःच्या नावाने घेऊ शकते, वय २१ पूर्ण हवं, ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा आणि दुकानदार एफबीआयच्या सिस्टीममधे बॅकग्राउंड चेक करतो, बहुतेकदा तिथल्या तिथे होतं. नवऱ्याने विकत घेऊन बायकोला खरोखरची भेट दिली तर तेही कायद्यात बसतं. बसत नाही ते म्हणजे पैसे एकाचे, गन त्याच्यासाठी, आणि फॉर्मवर नाव दुसऱ्याचं. त्याला स्ट्रॉ परचेस म्हणतात आणि तो फेडरल गुन्हा आहे.

आता हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, कारण आपल्या लोकांत हे कुणाला माहीतच नसतं. एचवन, एचफोर, एल, एफवन, व्हिजिटर, अशा नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्यांना फेडरल कायद्याने गन किंवा गोळ्या बाळगायला बंदी आहे. विकतच नाही, जवळ ठेवायलाही. शूटिंग रेंजवर भाड्याची गन हातात घेणं पण त्यातच येतं. व्हॅलिड हंटिंग लायसन्ससारखे थोडे अपवाद आहेत पण त्या भानगडीत वकिलाला विचारल्याशिवाय पडू नका, चार फोटोंच्या हौसेपायी ग्रीन कार्डची फाइल कशाला अडकवायची. तेव्हा सासूबाईंचा संबंध आहे. त्या व्हिजिटर आहेत, त्यांना सेफचा कोड सांगायचा नाही आणि "आई जरा ते कपाटात ठेवा" असंही नाही.

टेक्ससमधे सप्टेंबर २०२१ पासून एकवीसच्या पुढच्यांना, बाकी काही मनाई नसेल तर, परमिटशिवाय हँडगन बाहेर बाळगता येते. तरी एलटीसी (लायसन्स टू कॅरी, बाळगायचा परवाना) काढून घ्या असं मी सांगेन, चार-सहा तासांचा क्लास आणि ५० गोळ्यांची परीक्षा असते, त्या निमित्ताने कायदा तरी कानावरून जातो.

एडिसनची_माई

आमच्या न्यू जर्सीत हे वाचून गंमत वाटते, इथे प्रत्येक हँडगनला वेगळं परमिट लागतं आणि ते पोलिसांकडून. कॅलिफोर्नियात भाऊ आहे, त्याला दहा दिवस थांबावं लागलं, शिवाय तिथे सरकारी यादीत असलेलीच मॉडेल्स दुकानात नवी मिळतात. तेव्हा उद्या मूव्ह झालात तर आधी तिकडचे नियम बघा.

रानजाई

सॅन अँटोनियोहून लिहितेय, माझ्याकडे बरीच वर्षं आहे. दादा, सरप्राइज अजिबात नको. वरती एवढे पुरुष तिच्यासाठी गन ठरवतायत आणि ती बिचारी अजून एकही हातात धरून आलेली नाही. बहुतेक रेंजवर वीसएक डॉलरमधे भाड्याने मिळतात, तिला घेऊन जा, चार-पाच मॉडेल एकापाठोपाठ चालवू दे, तू मागे गप्प उभा राहा. त्याहून बरं म्हणजे बायकांसाठीचा बिगिनर क्लास असतो तिथे तिला एकटीला जाऊ दे, नवऱ्याकडून ड्रायव्हिंग शिकलेल्यांना कारण विचार.

तिने काय बघायचं ते सांगते. पहिलं, गन रिकामी असल्याची खात्री करून, नळी समोर सुरक्षित दिशेला ठेवून मूठ नीट बसवायची आणि बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज पोचतंय का बघायचं, त्यासाठी मूठ वळवावी लागली तर ती गन मोठी. ग्लॉकच्या नव्या मॉडेलना मागची पट्टी बदलून मूठ थोडी मोठी करता येते, लहान करता येत नाही. दुसरं, स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, ओढता येते का. इथेच बहुतेक जणी अडतात आणि दुकानदार लगेच म्हणतो बघा, तुमच्या हातात जोर नाही. जोर नाही, पद्धत चुकते. दोन बोटांच्या चिमटीत स्लाइड धरून मागे ओढायची नाही, डावा पंजा वरून पालथा घालून स्लाइड गच्च धरायची, कोपरं छातीशी, आणि उजव्या हाताने गनच पुढे ढकलायची. शेवटी सोडून द्यायची, हळूच हाताने पुढे नेलीत तर गोळी नीट बसत नाही. एवढं करूनही जड गेली, संधिवात वगैरे असेल, तर स्मिथ अँड वेसनची शील्ड ईझी बघा, तिची स्प्रिंग मुद्दाम हलकी केलीये, पॉइंट थ्रीएटी आणि नाइन एमएम दोन्हीत मिळते, आठ गोळ्या. मात्र तिला मागे ग्रिप सेफ्टी आहे, मूठ सैल राहिली तर उडत नाही. वापरलेली नाइन एमएम घेणार असाल तर २०२० मधे कंपनीने काही पिस्तुलं तपासायला परत मागवली होती, सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा.

सारखी जॅम होत असेल तर दर वेळी गनचा दोष नसतो, मनगट ढिलं सोडलं की चांगलं पिस्तूलही अडकतं. पण घरी भरवशाने ठेवायच्या आधी सरावाच्या दोनेकशे गोळ्या आणि घरात जी हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ असलेली गोळी) ठेवणार त्यातल्याही काही तिच्या हातून विनातक्रार जायला हव्यात, फक्त तुझ्या हातून नव्हे.

आणि बंद गळ्याचा टीशर्ट घालायला सांग, तापलेली पुंगळी गळ्यातून आत गेली की माणूस भरलेल्या गनसकट नाचतो, मी बघितलंय. इनडोअर रेंज असेल तर कानात बोळे आणि वरून मफ्स दोन्ही. शिशाची धूळ असते म्हणून आल्यावर हात गार पाण्याने साबण लावून धुवायचे, कपडे बदलूनच लेकीला घ्यायचं. दुसऱ्या बाळाचा विचार चालू असेल तर रेंज तूर्तास राहू दे.

सलाइन_बाटली

हॉस्पिटलच्या इआरमधे (इमर्जन्सीत) काम करते म्हणून एकच बाजू मांडते, पटली नाही तर सोडून द्या. अमेरिकेत गनने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, चोर-दरोडेखोर नव्हे. घरात कुणाला डिप्रेशन असेल किंवा पुढे कधी आलं, तर त्या काळात गन घराबाहेर ठेवायची हे नवरा-बायकोने आत्ताच बोलून ठेवा. आणि सहा वर्षांच्या मुलीला काही माहीत नाही असं धरून चालू नका, मुलांना आईबापांच्या कपाटांची खडानखडा माहिती असते. वरचा खण, गादीखाली, पर्स, यातलं काहीही चालणार नाही.

डबल_टॅप

वरच्याला +१. टेक्ससमधे सतराच्या आतल्या पोराच्या हाती लागेल अशी भरलेली गन ठेवणं हा तसाही गुन्हा आहे. बटणाच्या कोडची सेफ घे, बोल्टने पक्की कर, अंधारात न बघता उघडता आली पाहिजे. म्हणजे गनला पाचशे नाही, चारशे धर आणि उरलेले सेफ, गोळ्या आणि क्लासला.

फ्रिस्को_नाका

धन्यवाद सगळ्यांना. धागा बायकोला दाखवला, तिने तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला रानजाई, आणि मला विचारलं की तू माझ्याशिवाय दुकानात गेलासच कशाला. सरप्राइज कॅन्सल. शनिवारचा बिगिनर क्लास तिने स्वतःच बुक केला, मी लेकीला घेऊन लायब्ररीत. खरेदी क्लासनंतर, फॉर्म तिच्या नावाने. सेफ मात्र आजच ऑर्डर करतोय, एक शंका, बाहेरची भिंत आहे तिला बोल्ट करू की कपाटातल्या लाकडी फ्लोअरला?

डबल_टॅप

फ्लोअरला, पण खालून पाइप किंवा वायर जात नाही ना ते आधी बघ. आणि बॅटरी गेली तर उघडायची चावी सेफच्या आत ठेवू नकोस, ठेवतात लोक.