पिग्मीच्या कामासाठी बायकोला फोन: दणकट घ्यायचा, की ज्याचं सामान खडेबाजारात मिळतं तो?

शहापूरकर

माझी बायको बेळगावात एका सहकारी सोसायटीची पिग्मी, म्हणजे लोकांच्या दारात जाऊन रोजची थोडी थोडी ठेव, गोळा करते. अकरा वर्षं झाली. सकाळी साडेदहाला स्कूटी काढायची, शहापूर, खासबाग, वडगाव करायचं, आणि दुपारनंतर खडेबाजार, गणपत गल्ली. पूर्वी सोसायटीनं हातात धरायचं मशीन दिलेलं. बटणं होती, पावती त्यातूनच निघायची, दोनदा स्कूटीवरून पडलं तरी चाललं. या वर्षी ते बंद केलं. आता मोबाईलवर ॲप आणि पावतीसाठी लहान ब्लूटूथ प्रिंटर. प्रिंटर सोसायटीचा, मोबाईल ज्याचा त्याचा.

जूनमध्ये वडगावात मोठा पाऊस लागला, पर्समध्ये पाणी गेलं आणि तिचा फोन बंद पडला. दोन दिवस वही घेऊन फिरली. रात्री बसून नोंदी चढवताना एका विणकराचे दोनशे रुपये दुसऱ्याच्या नावावर गेले. चौथ्या दिवशी सगळं दुरुस्त झालं, खरं त्या माणसाच्या दारात ती आठवडाभर मान खाली घालून जात होती. अकरा वर्षांत कुणी तिला एका रुपयाचा हिशेब विचारला नव्हता. ते बघवलं नाही म्हणून इथं लिहूलोय.

माझं मत, फोन दणकटच घ्यायचा. मी उद्यमबागेत फाउंड्रीत आहे. पॅटर्न, म्हणजे साच्याचा नमुना, स्वस्तातला घेतला की कास्टिंग किती रिजेक्ट जातं ते रोज बघतो. सॅमसंगचा एक्सकव्हर ७ म्हणून फोन आहे, २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्याकडं आला. धूळ-पाण्यापासून बचावाचा आयपी ६८ नंबर, पडण्याझडण्यासाठी लष्करी मानकाची चाचणी झालेली, आणि मागचं झाकण काढून बॅटरी बदलता येते. किंमत तेव्हा २७ हजाराच्या आसपास होती. तिचं जवळजवळ दोन महिन्यांचं कमिशन. तरी एकदाच खर्च करावा असं वाटतं. कुणाला पटत नसेल तर का ते सांगा.

खडेबाजार रिपेरी

मला पटत नाही, अण्णा. १५ वर्षं मोबाईल रिपेरी करतोय, म्हणून स्पष्ट बोलतो.

तुम्ही सांगताय तो फोन वाईट नाही. खरं उद्या त्याचा फोल्डर, म्हणजे काचेसकट पडदा, फुटला तर माझ्याकडं नाही, गणपत गल्लीत कुणाकडं नाही. मागवायला लागणार, आठ दिवस किंवा पंधरा. तेवढे दिवस वैनींनी काय करायचं? परत वहीच ना? गावात शेकड्यानं खपलेलं मॉडेल घेतलं तर फोल्डर, चार्जिंग पट्टी, बॅटरी सगळं सकाळी आणून दिलं की संध्याकाळी बसवून मिळतं. कामाच्या माणसाला फोन न फुटण्यापेक्षा फुटल्यावर किती तासांत उभा राहतो ते महत्त्वाचं.

दुसरं, आयपी नंबरावर लोकांचा फार विश्वास बसलाय. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ५४ म्हणजे थोडी धूळ आणि उडालेलं पाणी सोसतो. ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ६८ म्हणजे त्याहून जास्त, किती ते कंपनी सांगते. खरं ही चाचणी नव्या फोनवर, साध्या स्वच्छ पाण्यात होते. फोन एकदा उघडला की आतलं सील पहिल्यासारखं राहीलच असं नाही. आणि पाणी जाऊन बिघडला तर बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत. नंबर ६८ असला तरीसुद्धा.

१५ ते १९ हजारात सरळ फोन घ्या. गॅलॅक्सी ए१६ फाइव्हजी बघा. ऑक्टोबर २०२४ ला आला तेव्हा १८,९९९ ला होता, आयपी ५४ आहे, आणि कंपनीनं सहा वर्षं सुरक्षा अपडेट देणार म्हणून सांगितलंय. पैशाचं ॲप वापरायचंय, तर अपडेट महत्त्वाचे. वरून जाड कव्हर, टेम्पर काच, आणि पावसाळ्यात गळ्यात अडकवायची प्लास्टिकची पिशवी.

शहापूरकर

पिशवीतून टच नीट चालत नाही, ते तिनं करून बघितलंय. पावसात थेंब पडले की आकडे आपोआप दाबले जातात. ५० चे ५०० झाले तर?

आणि बॅटरीचं काय? दिवसभर स्क्रीन चालू, ब्लूटूथ चालू. बॅटरी दोन वर्षांत बसते. एक्सकव्हरला दुसरी बॅटरी पर्समध्ये ठेवली की अर्ध्या मिनिटात बदलता येते.

खडेबाजार रिपेरी

त्याची बॅटरी ४०५० एमएएचची आहे, साध्या फोनला आता ५००० सर्रास मिळते. आणि ती सुटी बॅटरी दोन वर्षांनी अस्सल मिळणार कुठं ते सांगा. डुप्लिकेट घालून फुगलेल्या बॅटऱ्या माझ्या टेबलावर दर आठवड्याला येतात.

कडोलीचा, सध्या पुणे

दादा, जुना आयफोन घ्या २० हजारात. पाच वर्षं बघायला नको. माझ्या आईला दिलाय, मस्त चाललाय.

खडेबाजार रिपेरी

पिग्मीची बरीच ॲपं फक्त अँड्रॉइडवर चालतात. सोसायटीला विचारल्याशिवाय आयफोनचं नावच काढू नका. आणि जुना कुठलाही घ्यायचा असेल तर आधी *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, काढा. मग मेसेजमध्ये केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून तो नंबर, आणि १४४२२ ला पाठवा. चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर कळतं. हे न करता घेऊन रडत आलेले लोक बघितलेत मी.

निपाणीची पिग्मीवाली

मी स्वतः सात वर्षं पिग्मी करते. वरचं सगळं वाचलं. तुम्ही दोघंही फोन टेबलावर ठेवून बोलताय. आम्ही तो टेबलावर ठेवत नाही.

माझ्या डाव्या हातात पैसे आणि पासबुक असतं, खांद्याला पर्स, प्रिंटर पट्ट्याला. राहतो एक उजवा हात. त्याच हातानं फोन धरायचा आणि त्याच हाताच्या अंगठ्यानं आकडे दाबायचे. तुमचा तो दणकट फोन २४० ग्रॅमचा आहे, मी बघितलं. दिवसाला शंभर वेळा काढून धरून बघा, संध्याकाळी मनगट काय म्हणतं ते. ए१६ हलका आहे, पण त्याचाही पडदा साडेसहा इंचाच्या वर. माझा अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, म्हणून फोन तळव्यात सरकवावा लागतो, आणि पडतो तो नेमका तेव्हाच. माझे दोन फोन असेच गेले. मागे बोट अडकवायची रिंग लावल्यापासून एकदाही पडलेला नाही. ८० रुपयांची वस्तू.

ऊन ही दुसरी गोष्ट. एप्रिलमध्ये तंबाखूच्या वखारीबाहेर उभं राहिलं की स्वस्तातल्या एलसीडी पडद्यावर काही दिसत नाही. मी पदराची सावली करून आकडा वाचायची. ॲमोलेड पडदा उन्हात वाचता येतो, हे घेतल्यावर कळलं. कॅमेरा, मेमरी याच्या आधी हे बघायला पाहिजे आणि दुकानदार नेमकं हेच दाखवत नाही. फोन हातात घ्या आणि दुकानाबाहेर रस्त्यावर या.

तिसरी गोष्ट प्रिंटरची. माझ्या आधीच्या फोनवर मध्येच कुणाचा कॉल आला की ॲप मागे जाऊन बंद व्हायचं आणि प्रिंटरचं कनेक्शन तुटायचं. परत जोडायला दोन मिनिटं. गिऱ्हाईक दुकान सोडून आमच्यासाठी दोन मिनिटं थांबत नाही. कितीदा तरी "राहू दे, पावती उद्या दे" म्हणून पैसे हातात ठेवलेत. विश्वास आहे म्हणून ठेवतात, पण मला रात्री झोप लागत नाही.

आणि दादा, वहिनींना कुठला हवा ते या सगळ्यात कुठं आलं नाही.

खडेबाजार रिपेरी

ताईंचं प्रिंटरचं बरोबर आहे. काही फोन बॅटरी वाचवायला मागची ॲपं फार लवकर मारतात. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या बॅटरीपुढं 'अनरिस्ट्रिक्टेड' करायचं. बहुतेक वेळा थांबतं. रिंगचं मला सुचलं नव्हतं.

खानापूरचा संचालक

मी एका लहान सोसायटीच्या संचालक मंडळावर आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

आम्ही पाच वर्षांपूर्वी एजंटांना सोसायटीच्या पैशातून फोन दिले. वर्षाच्या आत निम्मे फुटले किंवा घरातली मुलं वापरू लागली. एकात पोरानं गेम भरून ठेवलेले, पिग्मीचं ॲप उघडायलाच तयार नव्हतं. तेव्हापासून ठरवलं, फोन एजंटचा, सोसायटी महिन्याला भत्ता देईल. स्वतःच्या पैशाची वस्तू माणूस जपतो.

पावती हातात पडलीच पाहिजे, यावर मी ताईंच्या बाजूनं आहे. पिग्मी आपल्या कर्नाटकातच १९२८ साली सुरू झाली. पुढं जिची सिंडिकेट बँक झाली त्या उडुपीच्या बँकेनं दिवसाला दोन आण्यांपासून दारात जाऊन पैसे घेतले. जाग्यावर नोंद झाली म्हणूनच ही पद्धत टिकली. पण त्यासाठी २७ हजारांचा फोन लागत नाही.

निपाणीची पिग्मीवाली

काका, भत्ता किती देता? आमच्याकडं काहीच नाही. कमिशन शेकडा तीन, त्यातून पेट्रोल, त्यातून रिचार्ज, आता फोनही आमचाच. पैसे सोसायटीचे, धोका सोसायटीचा, मग हत्यार आमच्या खर्चानं का? पोस्टमन स्वतःचा शिक्का विकत आणतो का? पोरांनी गेम भरले असं म्हणता, पण घरात एकच फोन असेल तर दुसरं काय होणार?

खानापूरचा संचालक

आम्ही २०० देतो. पुरत नाही, हे कबूल. पण ताई, लहान सोसायटीनं पन्नास एजंटांना दर तीन वर्षांनी फोन द्यायचे तर तो पैसा शेवटी ठेवीदारांच्याच व्याजातून जाणार. ते ठेवीदारसुद्धा भाजीवाले आणि विणकरच आहेत.

निपाणीची पिग्मीवाली

म्हणून आम्हीच सोसायचं, हे मला मान्य नाही. अर्धा खर्च तरी द्या. मुद्दा मी सोडणार नाही.

शहापूरकर

चार दिवसांनी लिहूलोय. ताईंचं शेवटचं वाक्य मनाला लागलं. बायकोला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही एक दिवस बरोबर चला, मग सांगते." सुट्टी होती, गेलो.

७४ ठिकाणी थांबलो. मी मोजत होतो. मला वाटायचं फोन पावसानं आणि पडून खराब होतो. तसं नाही. खासबागेत एक दुकानदार म्हणाला, "किती जमलं बघू," आणि तिनं फोन त्याच्या हातात दिला. पिठाच्या गिरणीत तसंच, पीठ लागलेली बोटं. पुढं एक म्हातारे आजोबा, त्यांना मराठी वाचता येतं, ॲपमधलं कन्नड येत नाही, म्हणून त्यांच्यासमोर फोन धरून तिनं बोट ठेवून सांगितलं. असे २० तरी लोक असतील. तिचा फोन दिवसातून २० लोकांच्या हातात जातो आणि मला अकरा वर्षांत हे माहीत नव्हतं.

आणि त्याच फोनवर आमच्या मुलीचे फोटो, माहेरचे मेसेज, दवाखान्याचे कागद. एका दुकानात फोन त्याच्या हातात असताना तिच्या बहिणीचा मेसेज वर आला. तो त्यानं वाचला, तिनं बघितलं, कुणी काही बोललं नाही.

घरी आल्यावर ती म्हणाली, "मला भारी फोन नको. माझा एक आणि कामाचा एक, असे वेगळे पाहिजेत. कामाच्यात काहीच नको. ॲप, कॉल, बस्स."

म्हणून माझं मत बदललं. २७ हजार एकात घालण्यापेक्षा कामाला साधा फोन घ्यायचा आणि तिचा जुना रिपेरी करून घरी ठेवायचा. दणकटपणा मला अजून पाहिजेच, ते सोडलेलं नाही.

खडेबाजार रिपेरी

दोन फोन म्हणजे दोन रिचार्ज, अण्णा. आजकाल ते काही कमी नाही. एका फोनमध्येच भागतं: सेटिंगमध्ये सुरक्षेखाली 'ॲप पिन करा' असतं. ते चालू करून पिग्मीचं ॲप पिन केलं की दुसऱ्याच्या हातात फोन गेला तरी त्याला बाहेर पडता येत नाही, बाहेर पडायला लॉकचा नंबर लागतो. लॉकच्या स्क्रीनवर मेसेज न दाखवण्याचंही सेटिंग आहे.

निपाणीची पिग्मीवाली

७४ वेळा पिन करायचं आणि ७४ वेळा काढायचं? रिपेरीवाले दादा, तुम्ही एक दिवस करून बघा. वहिनींचं बरोबर आहे. आमचं ॲप नेट नसलं तरी नोंद घेतं आणि संध्याकाळी घरच्या वायफायवर चढवतं. तुमच्या सोसायटीचं तसं असेल तर दुसऱ्या सिमला मोठा रिचार्ज लागणार नाही. पण गिऱ्हाइकाला मेसेज लगेच जातो की नेट आल्यावर, ते आधी विचारून घ्या. मेसेज उशिरा गेला की लोक अस्वस्थ होतात.

आणि पैसे मोजायच्या आधी प्रिंटर दुकानात न्या. फोनला जोडा, सलग दहा पावत्या काढा, मध्ये कुणाला तरी कॉल करायला सांगा. त्यात एकदा जरी प्रिंटरचं कनेक्शन तुटलं तर तो फोन घेऊ नका, कितीही दणकट असू दे.

शहापूरकर

सोसायटीत विचारलं. नोंद नेटशिवाय होते, मेसेज नेट आल्यावर जातो. तिनं ठरवलंय, दुपारी घरी जेवायला येते तेव्हा एकदा आणि रात्री एकदा चढवायचं.

रिपेरीवाले दादा, शनिवारी आम्ही दोघं येऊलोय. तिचा भिजलेला फोन, प्रिंटर आणि कागदाचे दोन रोल घेऊन. ए१६ आणि त्याहून लहान पडद्याचा जो असेल तो, दोन्ही काढून ठेवा. ती बाहेर उन्हात नेऊन बघणार आहे. बाजारातलं गोळा करून यायला साडेसात होतील, तेवढं शटर ओढू नका. ऊन नसेल त्या वेळेला, म्हणून रविवारी सकाळी परत एकदा यावं लागेल.