मदत हवी आहे: १८ दिवसांची ब्रॉयलर पिल्ले, विष्ठा पातळ. हळद-लसूण फीडमध्ये किती आणि कसं?

वसई_शेड:
५०० पिल्ले, आज १८वा दिवस. सरासरी वजन ५६० ग्रॅम, निदान ७०० हवं होतं. विष्ठा पातळ, त्यात मक्याचे कण न पचता पडतात. मर फक्त दोन. फीड कंपनीचं क्रंबल (भरड दाणा), पाणी निपलने (चोच लावली की थेंब सोडणारी तोटी). गिऱ्हाईक दादर-माहीमचं, औषधाचा अंश नको म्हणतं. हळद, लसूण, ओवा किलोला किती घालू? पाण्यातून देऊ का?

पशुवैद्य_परळ:
प्रमाणाआधी निदान. या वयात कॉक्सीचं (कॉक्सिडिओसिस, आतड्यातल्या परजीवीचा आजार) भय सगळ्यात जास्त. मंद बसलेल्या दोन-तीन पिल्लांचं आजच शवविच्छेदन करून घ्या. आंधळ्या आतड्याच्या पिशव्या रक्ताने भरलेल्या दिसल्या, तर हळदीवर विसंबू नका. कॉक्सीचं औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने लगेच सुरू करायचं आणि लेबलवरचा विड्रॉवल काळ (औषध थांबवल्यावर अंश उतरेपर्यंतचे दिवस) संपेपर्यंत माल विक्रीला काढायचा नाही. वनस्पती पचनाला हातभार लावतात, पसरलेला आजार थोपवत नाहीत.

मसाला_फीड:
डॉक्टर म्हणतात ते आधी करा. कॉक्सी नसेल तर किलो फीडला हळद ५ ग्रॅम, लसूण पावडर ५ ग्रॅम, ओव्याची पूड २ ग्रॅम. ही पिल्ले दिवसाला साधारण ४० किलो खातील, म्हणजे हळद २०० ग्रॅम, लसूण २०० ग्रॅम, ओवा ८० ग्रॅम. याहून जास्त घालू नका. लसणाचा उग्र वास झाला की पिल्लं फीडकडे पाठ फिरवतात आणि वजन आणखी खाली येतं.

पाण्यातून अजिबात नको. हळद विरघळत नाही, निपल तुंबतात, पाइपात बुळबुळीत थर धरतो.

क्रंबलवर कोरडी पूड टाकली तर ती खाली बसते आणि फीडरच्या तळाशी पिवळा गाळ उरतो. म्हणून ताडपत्रीवर फीड पसरून २०० मिली सोयाबीन तेल शिंपडा, फावड्याने उलथापालथ करा, मग पूड दोन-तीन हप्त्यांत भुरभुरा. हळदीतलं कर्क्युमिन तेलातच विरघळतं, तेव्हा तेलाचा दुहेरी उपयोग. एका दिवसापुरतंच कालवा. ओव्यातलं थायमॉल (वासाचा अर्क) उडून जातं आणि आपल्या दमट हवेत तेल खवट होतं.

हळद पिठी घेऊ नका. वाशीच्या मसाला बाजारातून पॉलिश नसलेली हळकुंडं आणून दळा. रंग खुलवायला लेड क्रोमेट मारलेली हळद आली, तर शिसं पिल्लांच्या पोटात.

वसई_शेड:
शवविच्छेदन झालं, कॉक्सी नाही. आतड्याची भिंत पातळ, आत फेस. गादी (जमिनीवर अंथरलेलं तूस) ओली आहे हेही सांगितलं.

पशुवैद्य_परळ:
मग अर्धं दुखणं गादीतच. तूस मुठीत दाबा: मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, भुगा सुटला तर ठीक. निपलखालचे ढेपा धरलेले थर उचलून बाहेर काढा, कोरडं तूस टाका, निपलची उंची पिल्लाने मान वर करून प्यावं इतकी ठेवा. चुना भरमसाट नको, ओल्या गादीत तो अमोनिया उलट वाढवतो. पावसाळी पडदे खाली सोडले तरी वरचा फूटभर भाग उघडा हवा.

मसाला_फीड:
आणि शेड मधोमध जाळीने विभागा. २५० ला मसाला, २५० ला साधं फीड, दोन्हीकडचं फीड वेगळं मोजा. २१, २८ आणि ३५व्या दिवशी प्रत्येकी २५ पिल्ले, न निवडता पकडून, तोला. खाल्लेलं फीड भागिले वाढलेलं वजन, एवढाच हिशोब. मसाल्याचा खर्चही त्यात धरा.