बाळंतिणीला संबंधांबद्दल नेमकं कधी आणि काय सांगायचं?

प्रश्न : उपकेंद्र, पाटण तालुका
आशाताईंच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. संबंध आणि पाळणा लांबवणं हे बोलणं शेवटच्या भेटीवर ढकललं जातं. त्यात पहिलटकरीण माहेरी, उशाशी आई. ती तोंडच उघडत नाही. तुम्ही कसं करता?

सिस्टर, मिरज
४२ वा दिवस उशिराचा आहे, ताई. सव्वा महिना त्याआधीच संपतो, आणि मुंबईला कामाला असलेला नवरा जत्रेला आला की तारीख कोण मोजतं? पहिलं बोलणं डिस्चार्जआधी, दुसरं २१ व्या दिवशी. टाके बघताना पडदा ओढलेलाच असतो, तेवढी पाच मिनिटं पुरतात. थेट विचारू नका. ‘अंगावरून जायचं थांबलं का? टाके ओढतात का? मालक कधी येणार?’ या क्रमाने विचारा. रक्तस्राव थांबलेला, टाके भरलेले आणि तिची स्वतःची इच्छा, तिन्ही हवं. साधारण ६ आठवडे लागतात. सव्वा महिना झाला म्हणजे शरीर तयार झालं, असं नाही.

स्टाफ नर्स, कराड
कोरडेपणाचं आवर्जून सांगा. अंगावर पाजताना इस्ट्रोजेन कमी असतं, त्यामुळे आग होते, आणि बाईला वाटतं आपल्यातच काही बिघडलंय. पाण्यावर आधारित जेल वापरावं. घरात खोबरेल हाताशी असतं, पण तेलाने निरोध फाटतो! सिझर झालेलीलाही कोरडेपणा येतोच, हे बरेचदा सांगायचं राहून जातं. लघवी रोखताना आवळतो ते स्नायू ५ सेकंद आवळून सोडायचे, १० वेळा, दिवसातून तीनदा. घाण वास, ताप किंवा तासाभरात पॅड भिजत असेल तर लगेच डॉक्टरांकडे. दुखणं महिनोन्‌महिने चालू राहिलं तरी ‘सगळ्यांनाच होतं’ म्हणून सोडू नका, तपासणीला पाठवा.

एएनएम, जत
सगळ्यात मोठी चूक ‘पाळी नाही, मग दिवस कसे राहतील?’ ही. बीज पाळीच्या आधी सुटतं. दिवस न राहायला पाजण्याचा आधार फक्त तीन गोष्टी एकत्र असतील तरच: बाळ ६ महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही, आणि निव्वळ अंगावरचं दूध, दोन पाजण्यांत दिवसा ४ नि रात्री ६ तासांपेक्षा मोठा खंड नाही. घुटी, मध, वरचं पाणी सुरू झालं की हा आधार संपला. तांबी (कॉपर-टी) प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत, नाहीतर ६ आठवड्यांनी. अंतरा, म्हणजे गर्भनिरोधक इंजेक्शन, पाजणाऱ्या आईला ६ आठवड्यांनंतर, मग दर ३ महिन्यांनी.

प्रश्नकर्ती
मग २१ व्या दिवशी हातात काय द्यायचं? माला-एन, रोजची गर्भनिरोधक गोळी, चालेल?

एएनएम, जत
नको, पाजणाऱ्या आईला ६ महिन्यांपर्यंत नाही, दूध कमी होऊ शकतं. निरोध द्या किंवा छाया, ती हार्मोन नसलेली गोळी. छाया पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदाच. वार ठरवून पाकिटावर लिहा, चुकतं ते तिथेच.