मदत हवी आहे: बोरिवलीत वन बीएचके भाड्याने, ३१ तारखेच्या आत

ओवरी
वन बीएचके हवा आहे, बोरिवली, स्टेशनपासून चालत. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आहे, ३१ मेला खाली करायची. अकरा जागा पाहून झाल्या. कृपया 'साइटवर बघा' सांगू नका, तिथे फोटो एका घराचे आणि दाखवतात भलतंच. कालच्या जागेत फ्रिज ठेवला की बाल्कनीचं दार उघडत नाही. एजंट म्हणे, "मॅडम, दार उघडायचंच कशाला, डास येतात." त्याचे २८ हजार! कुणाला थेट मालकाची जागा माहीत असेल तर लवकर सांगा.

तिसरी_सीट
पूर्व की पश्चिम? बजेट? फॅमिली की बॅचलर?

ओवरी
पश्चिम. फॅमिली. २५ च्या आत.

जुना_डोंबिवलीकर
२५ मध्ये बोरिवली पश्चिम, तेही स्टेशनपासून चालत? डोंबिवलीला या. माझ्या भाच्याने गेल्या महिन्यात १४ हजारांत घेतलाय, लिफ्टसकट, आणि खाली भाजीवाला.

सुरमई
आणि सकाळी ८ च्या लोकलमध्ये चढायचं कसं, तेही भाच्याला विचारून सांगा.

जुना_डोंबिवलीकर
३० वर्षं चढतोय. विरार लोकलवाल्यांनी तरी आम्हाला गर्दी शिकवू नये.

गच्चीवरचा
ओवरीताई, रिडेव्हलपमेंट आहे तर बिल्डर भाडं देतो की! आमच्या गोरेगावच्या बिल्डरने दलाली आणि सामान हलवायचा खर्चही दिला. करारात किती लिहिलंय ते बघा, तेवढ्यातली जागा शोधा. बाकी भाडी याच्यामुळेच भडकलीत. एका बिल्डिंगची ४० बिऱ्हाडं एकदम बाहेर पडतात, मुलांच्या शाळांमुळे सगळ्यांना त्याच चार गल्ल्यांत जागा हवी, आणि पैसे बिल्डरचे, त्यामुळे घासाघीस कुणी करत नाही.

ओवरी
अहो आम्ही भाडेकरू आहोत. बिल्डरचं भाडं मालकाला. आम्हाला फक्त व्हॉट्सॲपवर 'चावी ३१ ला द्या'.

गच्चीवरचा
हे पहिल्या ओळीत लिहायचं ना ताई. एवढं टाइप केलं मी.

सचिव_बी_विंग
भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी मालकाकडून जे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत. पुष्कळ कमिट्या मनमानी करतात. नोंद असावी.

सुरमई
साहेब, हे कुणी विचारलं? ताई, तुमच्याकडे मासे होतात का? कारण मला दोन एजंटांनी आडनाव ऐकल्यावर पुढचा प्रश्न हाच केला. तिसरा म्हणाला, "शनिवार-रविवार नको, वास येतो." म्हणजे बुधवारी येत नाही?

ओवरी
होतात. दोन जागा त्यावरूनच गेल्या. पण आत्ता तो विषय नको.

ईएमआय_बाबा
२५ हजार दरमहा दुसऱ्याच्या खिशात घालण्यापेक्षा विरारला बुक करा. हप्ता तेवढाच बसेल.

तिसरी_सीट
आणि डाऊन पेमेंट तुम्ही देणार का? ताई, डिपॉझिट किती जमेल? ते कळल्याशिवाय कुणी काही सांगू शकणार नाही.

ओवरी
तिथेच तर अडलंय. जुन्या मालकाकडे ७५ हजार आहेत. तो म्हणतो बिल्डरचा चेक आला की देतो. ते आल्याशिवाय नवीन ठिकाणी भरणार कुठून? परवा दहिसर पूर्वेला २३ हजारांची जागा आवडली होती, लिफ्टही होती (सासऱ्यांना जिने चढवत नाहीत), पण टोकन देता आलं नाही.

कागदी_घोडा
म्हणजे जागा मिळत नाही हा प्रश्नच नाही, प्रश्न ७५ हजारांचा आहे. लिव्ह अँड लायसन्स करार कधीपर्यंत आहे? नोंदणी झाली आहे का?

ओवरी
ऑगस्टपर्यंत. नोंदणी नाही, नोटरी केलं होतं.

जुना_डोंबिवलीकर
११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही. म्हणून तर ११ चा करतात.

कागदी_घोडा
काका, महाराष्ट्रात लागते. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा आणि जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. खर्च म्हणाल तर २३ हजार भाडं, ७५ हजार डिपॉझिट, ११ महिने धरून मुद्रांक शुल्क साडेसहाशेच्या आसपास आणि शहरी भागात नोंदणी फी १००० रुपये. एवढ्यासाठी लोक नोटरी करतात.

ताई, भांडू नका. नोटीसचं कलम काय आहे ते वाचा आणि मालकाला लेखी कळवा, की करार ऑगस्टपर्यंत आहे, तरी आम्ही सहकार्य करतो, डिपॉझिट आणि चावी एकाच दिवशी, एकाच टेबलावर. बिल्डर सहसा रिकामा फ्लॅट ताब्यात आल्याशिवाय मालकाला चेक देत नाही. म्हणजे तुमच्यापेक्षा घाई त्याला आहे.

तिसरी_सीट
दहिसर पूर्व सोडू नका. घरातलं कुणी कामाला कुठे जातं?

ओवरी
नवरा. अंधेरी पूर्व, हायवेला.

तिसरी_सीट
मग बोरिवली स्टेशन कशाला हवंय?! दहिसर पूर्वेहून मेट्रो ७ थेट गुंदवलीला जाते, जानेवारी २०२३ पासून.

ओवरी
मुलीची शाळा बोरिवलीत आहे म्हणून. पण व्हॅन दहिसरहून येते, आत्ताच विचारलं.

ईएमआय_बाबा
दहिसरलाही रिसेलमध्ये चांगले पर्याय आहेत.

ओवरी
मालकाशी बोलले. आधी आवाज चढवला, मग नोंदणीचं नाव काढल्यावर म्हणाला, "ताई, आपण काय परके आहोत का." ४० हजार आज आले, ३५ चावी देताना, तसं सही करून दिलंय. दहिसरची जागा अजून आहे, टोकन दिलं. कागदी_घोडा, खरंच आभार. नवीन करार नोंदवूनच घेणार, तो मालक तयार आहे.
आता टेम्पोवाला कुणाच्या ओळखीचा आहे का? लोखंडी कपाट आहे, तिसऱ्या मजल्यावरून उतरवायचं, आणि इथे लिफ्ट नाही.

जुना_डोंबिवलीकर
भाच्याचा आहे. नंबर व्यनि करतो.